रजिस्टरची खरी प्रत कोणाकडे? केव्हीएम आणि इम्युलेटर यांच्यातला व्यवहार, पहिल्यापासून

उत्तर ४२ यायला हवं होतं. आलं १.

गेस्टचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारा, प्रोग्राम चार बाइट्सचा होता, म्हणजे चूक लपायला जागाच नव्हती. तरी अख्खी दुपार मी त्या चार बाइट्सकडे संशयाने बघत बसलो. चूक तिथे नव्हतीच. गेस्टच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या इवल्याशा साठवणीच्या जागेत) मी ४१ लिहिलं होतं खरं, पण ज्या प्रतीत लिहिलं ती कोणी वाचतच नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा मामला.

केव्हीएमसारखा हायपरव्हायजर (लिनक्स कर्नलमधला, गेस्टला खऱ्या प्रोसेसरवर चालवणारा भाग) आणि क्यूएमूसारखा इम्युलेटर (बाकीच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) मिळून एक व्हर्च्युअल मशीन चालवतात, तेव्हा त्या मशीनच्या प्रोसेसरची रजिस्टरं एका वेळी दोन-तीन ठिकाणी नांदत असतात. त्यांतली खरी प्रत कोणती, हे ज्याला कोणत्याही क्षणी सांगता येतं त्याचं काम होतं. बाकीच्यांच्या दुपारी वाया जातात. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. सी भाषा जेमतेम येत असेल, लिनक्स चालणारं एक्स८६ मशीन हाताशी असेल आणि त्यावर केव्हीएमचं डिव्हाइस उघडायची परवानगी असेल, तर सगळे प्रयोग तुम्हाला घरीच करता येतील.

नावांबद्दल एक सूचना. आयओसीटीएल कॉल (डिव्हाइसला हुकूम देणारे सिस्टिम कॉल) आणि फ्लॅग यांची नावं मी इथे देवनागरीत दिली आहेत. लिनक्सच्या केव्हीएम हेडर फाइलमध्ये हीच नावं रोमन कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून सापडतील. 'केव्हीएम गेट रेग्ज' असं वाचलंत की तिथे काय शोधायचं हे उघड आहे. ती फाइल शेजारी उघडी ठेवूनच पुढे वाचा.

आधी नकाशा: रजिस्टरं राहतात कुठे

गेस्ट चालू असतो तेव्हा त्याची रजिस्टरं खऱ्याखुऱ्या प्रोसेसरमध्ये असतात. यात इम्युलेशन काही नसतं. आरएएक्स म्हणजे सिलिकॉनमधलं आरएएक्स. गेस्टने एखादं असं काम केलं की ज्यासाठी त्याला थांबवावं लागतं, उदाहरणार्थ एखाद्या पोर्टवर (उपकरणांशी बोलायच्या क्रमांकित जागेवर) बाइट लिहिला, की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो. याला व्हीएम एक्झिट म्हणतात. आता ती रजिस्टरं कुठेतरी ठेवणं आलं.

इंटेलच्या प्रोसेसरवर आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता), आरएसपी (स्टॅकचा पत्ता), आरफ्लॅग्ज (स्थिती दाखवणारे बिट), मुख्य कंट्रोल रजिस्टरं आणि सेगमेंट रजिस्टरं हार्डवेअर स्वतः व्हीएमसीएस नावाच्या रचनेत ठेवतं. आरबीएक्स, आरसीएक्स वगैरे सर्वसाधारण रजिस्टरांना मात्र ते हात लावत नाही, ती सॉफ्टवेअरने आपली आपण जपायची. एएमडीकडे त्याच कामाची व्हीएमसीबी नावाची रचना आहे आणि तिथे आरएएक्सचीही सोय हार्डवेअर करतं. म्हणजे पहिल्याच पायरीवर स्थिती दोन ठिकाणी विभागली गेली: थोडी हार्डवेअरच्या रचनेत, उरलेली केव्हीएमच्या स्वतःच्या मेमरीत. त्यातही केव्हीएम आळशी आहे, आणि चांगल्या अर्थाने आळशी आहे. व्हीएमसीएसमधलं एखादं मूल्य कोणी मागेपर्यंत ते वाचतच नाही. कोणती रजिस्टरं आपल्याकडे ताजी आहेत आणि कोणती बदलून परत लिहायची आहेत, याची खूण बिटमॅपमध्ये ठेवतं.

तिसरं ठिकाण इम्युलेटरचं. क्यूएमूकडे प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरसाठी एक मोठी सी रचना असते आणि तिच्यात सगळ्या रजिस्टरांना जागा असते. क्यूएमू एकट्याने इम्युलेशन करतो तेव्हा हीच रचना म्हणजे प्रोसेसर. केव्हीएम सोबत आलं की ती उरते केवळ एक प्रत, आणि बहुतांश वेळ शिळी प्रत.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. इथे तर तीन आहेत.

पायरी १: मशीन उभं करा

हा भाग कंटाळवाणा आहे, पटकन उरकू. डेव्ह फोल्डरमधलं केव्हीएम डिव्हाइस उघडा आणि एपीआयची आवृत्ती विचारा. उत्तर १२ आलं पाहिजे, दुसरं काही आलं तर तिथेच थांबा. मग व्हीएम तयार करा, त्यातून नवा फाइल डिस्क्रिप्टर मिळतो. ४०९६ बाइट्सचं एक पान एमॅपने (मेमरी मागून घेणाऱ्या सिस्टिम कॉलने) घ्या आणि 'सेट युझर मेमरी रीजन' वापरून ते गेस्टच्या हेक्स १००० या पत्त्यावर लावा. मग व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर, तयार करा, तिसरा डिस्क्रिप्टर मिळाला.

आता कामाची गोष्ट. 'गेट व्हीसीपीयू एमॅप साइझ' विचारा, आणि जेवढा आकडा येईल तेवढी जागा व्हीसीपीयूच्या डिस्क्रिप्टरवर एमॅप करा. या जागेच्या सुरुवातीला 'केव्हीएम रन' ही रचना असते. हे पान कर्नल आणि तुमचा प्रोग्राम दोघांना एकाच वेळी दिसतं. गेस्ट का थांबला, कोणत्या पोर्टवर काय लिहिलं, हे सगळं इथेच कळतं. रजिस्टरांची वाटणीही पुढे इथेच होणार आहे.

इंटरप्ट कंट्रोलर कर्नलमध्ये तयार करू नका. तो केला, तर हॉल्ट सूचना आल्यावर केव्हीएम गेस्टला आतच झोपवून ठेवतं आणि तुमच्यापर्यंत हॉल्टचं कारण पोचत नाही. नवखे लोक इथे हमखास अडकतात: प्रोग्राम लटकतो आणि कोणी ताकास तूर लागू देत नाही.

गेस्टच्या पानाच्या सुरुवातीला हे चार हेक्स बाइट्स लिहा: ई६, १०, ४३, एफ४. पहिले दोन म्हणजे एएल रजिस्टरमधला (आरएएक्सचा सर्वांत खालचा) बाइट पोर्ट हेक्स १० वर पाठव. ४३ म्हणजे बीएक्स (आरबीएक्सचे खालचे १६ बिट) एकने वाढव. एफ४ म्हणजे थांब. (हे अर्थ १६ बिट रिअल मोडमधले. ६४ बिट मोडमध्ये ४३ हा बाइट वेगळंच काही सांगतो.)

पायरी २: पहिली रजिस्टरं बसवा

केव्हीएम रजिस्टरांचे गठ्ठे करून देतं. 'रेग्ज' या गठ्ठ्यात सोळा सर्वसाधारण रजिस्टरं, आरआयपी आणि आरफ्लॅग्ज, असे १८ आकडे, प्रत्येकी ८ बाइट्स, एकूण १४४ बाइट्स. 'एसरेग्ज' या गठ्ठ्यात सेगमेंट, डिस्क्रिप्टर टेबल, कंट्रोल रजिस्टरं, ईएफईआर वगैरे, एकूण ३१२ बाइट्स. याशिवाय फ्लोटिंग पॉइंट, एमएसआर, डीबग रजिस्टरं, प्रलंबित इंटरप्ट आणि एक्सेप्शन यांचे गठ्ठे निराळे.

एसरेग्जच्या बाबतीत एक नियम पाळा: आधी वाचा, हवं तेवढं बदला, मग लिहा. रिकामी रचना शून्यांनी भरून त्यात दोन-चार मूल्यं टाकून पाठवली, तर सेगमेंटच्या मर्यादा आणि हक्काचे बिट शून्य होतात. मग हार्डवेअर गेस्टमध्ये शिरायलाच नकार देतं, किंवा गेस्ट पहिल्याच सूचनेला आडवा होतो. रीसेटनंतर एक्स८६ प्रोसेसरच्या सीएसचा सिलेक्टर हेक्स एफ००० आणि पाया हेक्स एफएफएफएफ०००० असतो. आपल्याला दोन्ही शून्य हवेत, तेवढेच बदला.

रेग्जमध्ये मात्र सगळं शून्य चालेल. फक्त आरआयपी हेक्स १००० आणि आरफ्लॅग्ज २ ठेवा. आरफ्लॅग्जचा तो बिट एक्स८६ वर कायम १ असतो. अलीकडचं केव्हीएम तो स्वतःच चढवतं, पण त्याच्यावर विसंबू नका.

पायरी ३: जुन्या पद्धतीने चालवून बघा

'केव्हीएम रन' कॉल करा. गेस्ट पोर्टवर लिहितो आणि तुम्ही बाहेर येता. रन पानावर कारण २ दिसेल, म्हणजे आयओ. 'गेट रेग्ज' कॉल करा, आरबीएक्स ० दिसेल. ते ४१ करा, 'सेट रेग्ज' करा, पुन्हा रन. आता कारण ५, म्हणजे हॉल्ट. पुन्हा 'गेट रेग्ज'. आरबीएक्स ४२.

हे चालतं, आणि कित्येक कामांना एवढं पुरतं. पण मोजा: गेस्टच्या एका थांब्यासाठी दोन जादा सिस्टिम कॉल झाले. गेस्ट क्वचितच थांबत असेल तर फरक पडत नाही. इम्युलेटरला प्रत्येक थांब्यावर रजिस्टरं वाचून काही ठरवायचं असेल, म्हणजे एखादी सूचना तो स्वतःच अमलात आणत असेल, तर हा खर्च टोचायला लागतो.

पायरी ४: सामायिक पानावरून चालवा

यासाठी केव्हीएमकडे 'सिंक रेग्ज' नावाची क्षमता आहे. ती आधी आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेमसाठी आली आणि एक्स८६ वर २०१८ साली, लिनक्स ४.१७ मध्ये पोचली. कल्पना साधी आहे. रन पान दोघांनाही दिसतंच, मग रजिस्टरांचे गठ्ठे तिथेच ठेवू. त्यासाठी रन रचनेत २०४८ बाइट्सची जागा राखलेली आहे. एक्स८६ वर रेग्ज, एसरेग्ज आणि ६४ बाइट्सचा इव्हेंट्स गठ्ठा मिळून ५२० बाइट्स होतात, म्हणजे जागा ऐसपैस आहे.

'चेक एक्स्टेन्शन' वापरून ही क्षमता विचारा. एक्स८६ वर उत्तर हो-नाही असं येत नाही, बिटमॅप येतो: कोणते गठ्ठे वाटून घेता येतील त्यांचा. बिट ० रेग्ज, बिट १ एसरेग्ज, बिट २ इव्हेंट्स.

मग दोन फील्ड्स येतात आणि सगळी मेख या दोघांत आहे.

पहिलं 'व्हॅलिड रेग्ज'. एक्स८६ वर ही तुमची मागणी असते: पुढच्या थांब्यावर हे हे गठ्ठे पानावर मांडून ठेव. नाव फसवं आहे. 'इथलं वैध आहे' अशी कर्नलने दिलेली ग्वाही वाटते, पण तो तुम्ही दिलेला हुकूम आहे. एस३९० वर मात्र ती खरोखर ग्वाहीच असते. एकाच फील्डला दोन आर्किटेक्चरवर दोन अर्थ देणं मला तरी रुचलेलं नाही, पण जे आहे ते आहे.

दुसरं 'डर्टी रेग्ज'. यात बिट चढवला की तुम्ही म्हणता: या गठ्ठ्यात मी फेरफार केले आहेत, आत शिरताना इथून उचल. बिट नसेल तर पानावर काहीही खरडलेलं असो, कर्नल ढुंकूनही बघत नाही. उचलून झाल्यावर कर्नल तो बिट स्वतः पुसतो, त्यामुळे दर वेळी नव्याने चढवावा लागतो.

आता तोच प्रयोग. व्हॅलिडमध्ये रेग्जचा बिट चढवा, रन करा. आयओसाठी बाहेर आलात की पानावरचं आरबीएक्स थेट वाचा, ४१ करा, डर्टीमध्ये रेग्जचा बिट चढवा, रन करा. हॉल्टवर पान वाचा. ४२. मधे एकही जादा सिस्टिम कॉल नाही.

पायरी ५: मुद्दाम मोडून बघा

ही पायरी गाळू नका. नुसतं चालतं करून सोडलेला कोड दोन महिन्यांनी तुमच्याशी अनोळखी माणसासारखा वागतो.

डर्टी बिट न चढवता चालवा. १ मिळेल, माझ्या त्या दुपारचं उत्तर.

आता उलट करा. व्हॅलिड शून्य ठेवा, म्हणजे कर्नल पान भरणार नाही. पानावर आरबीएक्स ४१ लिहा आणि डर्टी बिट चढवा. बहुतेकांना वाटतं की फक्त आरबीएक्स बदलेल. नाही. व्यवहार गठ्ठ्याचा आहे, सुट्या रजिस्टरचा नाही. त्या पानावरचे सगळे १४४ बाइट्स आत जातात आणि त्यात आरआयपी शून्य असतं. गेस्ट पत्ता शून्यवर उडी मारतो, जिथे आपण मेमरी लावलेलीच नाही. पहिल्या चुकीत तुमचा बदल हरवला, एवढ्यावर निभावलं. या चुकीत शिळ्या प्रतीने खरी प्रत पुसली गेली. दुसरी चूक कितीतरी महागात पडते, कारण ती भलत्याच जागी फुटते. म्हणून जो गठ्ठा याच थांब्यावर ताजा भरून आलेला नाही त्याला डर्टी म्हणायचं नाही.

तिसरं: दोन्ही फील्ड्समध्ये सगळे बिट १ करून बघा. रन कॉल लगेच 'अवैध आर्ग्युमेंट' त्रुटी देईल. अनोळखी बिट शून्यच असले पाहिजेत. ही त्रुटी आली तर तिचे आभार माना, बाकीच्या चुका इतक्या प्रामाणिक नसतात.

पायरी ६: अर्धवट राहिलेली सूचना

आता खऱ्या पेचाकडे येऊ. पोर्टच्या थांब्यावर पानावरचं आरआयपी बघा. हेक्स १००० आहे की १००२? १००० आहे. गेस्ट अजून त्या पोर्टच्या सूचनेवरच उभा आहे. ती सूचना पूर्ण होते तुम्ही पुन्हा रन कॉल केल्यावर. केव्हीएम आधी तुमचे डर्टी गठ्ठे उचलतं, मग अर्धवट काम संपवून आरआयपी पुढे सरकवतं, मग गेस्टमध्ये शिरतं.

याला एक मजेशीर अपवाद आहे. पोर्ट हेक्स ७ई वर लिहिलं तर केव्हीएम मुळातच आरआयपी पुढे नेऊन मग बाहेर येतं. जुन्या इम्युलेटरांना तसं हवं होतं म्हणून ही खोड जपून ठेवली आहे आणि ती बंद करायची सोयही दिली आहे. प्रोग्राममधला दुसरा बाइट १० च्या जागी ७ई करून आरआयपी छापून बघा.

पोर्टवरून वाचायच्या सूचनेत हा पेच जास्त जाचतो. गेस्टला उत्तर एएलमध्ये हवं आहे म्हणून तुम्ही पानावर आरएएक्स बदललं, डर्टी म्हटलं आणि रन केलं, तर तुमचं मूल्य आत जातं आणि पुढच्याच क्षणी पुसलं जातं. कारण अर्धवट सूचना पूर्ण करताना केव्हीएम रन पानासोबत एमॅप झालेल्या आयओ डेटाच्या जागेतला बाइट एएलमध्ये भरतं. उत्तर त्या डेटाच्या जागेत लिहायचं असतं, तिचा ऑफसेट आयओच्या माहितीतच दिलेला असतो. एएलचा मालक त्या क्षणी तुम्हीही नसता आणि गेस्टही नसतो. ती अर्धी राहिलेली सूचना असते.

आता समजा याच क्षणी तुम्ही मशीनची स्थिती साठवून दुसऱ्या होस्टवर (गेस्ट चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर) हलवलीत. रजिस्टरं नेलीत, मेमरी नेलीत. 'एक सूचना अर्धवट आहे' ही नोंद मात्र कोणत्याच गठ्ठ्यात नाही, ती कर्नलच्या पोटात राहिली. म्हणून स्थिती साठवण्याआधी रन पानावरचं 'इमिजिएट एक्झिट' हे फील्ड १ करा आणि एकदा रन कॉल करा. केव्हीएम अर्धवट काम संपवतं आणि गेस्टची पुढची एकही सूचना न चालवता परत येतं. त्यानंतर वाचलेली रजिस्टरं सुसंगत असतात. हे फील्ड नंतर पुन्हा शून्य करायला विसरू नका.

इव्हेंट्सचीही एक अडचण इथेच सांगून टाकतो. रेग्ज गठ्ठा आत लिहिला की केव्हीएम प्रलंबित एक्सेप्शन रद्द करतं. म्हणून सगळी स्थिती परत बसवताना आधी रेग्ज, मग इव्हेंट्स. सामायिक पान वापरलं तर कर्नल रेग्ज, एसरेग्ज, इव्हेंट्स हाच क्रम पाळतो. सुटे कॉल करणार असाल तर क्रमाची जबाबदारी तुमच्यावर.

वाचतानाही क्रम लागतो. मल्टिप्रोसेसर स्थिती विचारणाऱ्या 'गेट एमपी स्टेट' या कॉलमुळे सीएस आणि आरआयपी बदलू शकतात, कारण दुसऱ्या प्रोसेसरला जागं करणारा प्रलंबित संदेश त्याच वेळी स्वीकारला जाऊ शकतो. क्यूएमू म्हणूनच तो कॉल रेग्ज आणि एसरेग्ज वाचण्याआधी करतो. नुसतं 'वाचणं'सुद्धा निरुपद्रवी नसतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा हबकायलाच झालं.

पायरी ७: दुसऱ्या थ्रेडने डोकावू नका

व्हीसीपीयूचे कॉल त्याच थ्रेडने करायचे ज्याने तो व्हीसीपीयू तयार केला. दुसऱ्या थ्रेडने 'गेट रेग्ज' केलं तर बहुधा ते अडकून राहील, कारण रन चालू असेपर्यंत त्या व्हीसीपीयूचं कुलूप कर्नलने धरलेलं असतं. हे एकवेळ बरं. सामायिक पानाला असलं कुलूपच नाही. दुसरा थ्रेड ते कधीही वाचू शकतो आणि त्याला मागच्या थांब्याचे आकडे मिळतात, दिसायला अगदी ताजे.

अशा शर्यतीचा फटका खुद्द कर्नललाही बसला आहे. पानावरचं मूल्य तपासलं आणि वापरलं, या दोन क्षणांच्या मधे दुसऱ्या थ्रेडने ते बदललं तर काय, हे भोक सिंक रेग्जच्या कोडमध्ये होतं. २०२३ मध्ये ते बुजवलं गेलं. उपाय असा की आधी पानावरून स्वतःकडे नक्कल करून घ्यायची, मग त्या नकलेचीच तपासणी करायची आणि तीच वापरायची.

तुम्ही काय करायचं? दुसऱ्या थ्रेडला रजिस्टरं हवी असतील तर त्याने व्हीसीपीयूच्या थ्रेडला सिग्नल पाठवून बाहेर काढावं आणि काम त्याच्याकडेच सोपवावं. सिग्नल रन कॉलच्या अगदी आधी येऊन वाया जाऊ नये म्हणून सिग्नलच्या हँडलरमध्ये 'इमिजिएट एक्झिट' १ करतात. क्यूएमूमध्ये हे काम 'रन ऑन सीपीयू' नावाचं फंक्शन करतं.

पायरी ८: क्यूएमूचा कोड वाचा

एवढं झालं की क्यूएमूमधला संबंधित भाग वाचायला घ्या. सुरुवात 'सीपीयू सिंक्रोनाइझ स्टेट' या फंक्शनपासून करा. लहानसं आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या रचनेत 'व्हीसीपीयू डर्टी' असा एक बुलियन आहे. तो खोटा असेल तर खरी प्रत केव्हीएमकडे आहे. मग फंक्शन सगळी रजिस्टरं केव्हीएमकडून आणतं आणि बुलियन खरा करतं. आधीच खरा असेल तर काहीच करत नाही. पुढे रन करण्याआधी क्यूएमू बघतो: बुलियन खरा आहे का? असेल तर रजिस्टरं परत पाठवतो आणि बुलियन खोटा करतो.

बस. मालकीचा अख्खा करार त्या एका बिटात आहे. लक्षात घ्या, इथे डर्टी म्हणजे 'बदललं' असं नाही. नुसतं वाचायला मागितलं तरी मालकी क्यूएमूकडे येते आणि पुढच्या रनच्या आधी सगळं परत लिहिलं जातं. थोडा खर्च वाया जातो, पण 'कोणी काय बदललं' याचा हिशेब ठेवावा लागत नाही. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो.

हे फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधा. डीबगर जोडणाऱ्या भागात ते दिसेलच. सर्वांत बोलकं उदाहरण मात्र व्हीएमवेअर या दुसऱ्या हायपरव्हायजरच्या बॅकडोअर पोर्टचं (गेस्टने हायपरव्हायजरशी बोलायच्या खास पोर्टचं) आहे. गेस्ट ईएएक्समध्ये हेक्स ५६४डी५८६८ हा आकडा ठेवतो आणि पोर्ट हेक्स ५६५८ वरून वाचतो. कोणतं काम हवं ते ईसीएक्समध्ये असतं आणि उत्तरं इतर रजिस्टरांतूनही परत जातात. म्हणजे वरवर साधं पोर्टवरचं वाचन, आणि आतून सगळ्या रजिस्टरांची देवाणघेवाण. इथे क्यूएमूला आधी सिंक्रोनाइझ करावंच लागतं. केव्हीएमच्या कोडमध्येही सूचना अर्धवट असताना कोणी रजिस्टरं वाचली तर काय करायचं याची खास तजवीज आहे, आणि तिथल्या टिपणीत अशा वाईट घडणीच्या उपकरणांचा नाव घेऊन उद्धार केलेला आहे.

रजिस्टरं परत लिहिताना क्यूएमू तीन पातळ्या मानतो: चालू असताना, रीसेटनंतर आणि पूर्ण स्थिती. ही विभागणी कशासाठी? काही रजिस्टरं वाचून तशीच परत लिहिली तरी बिघडतात, कारण मधल्या काळात ती स्वतःहून पुढे गेलेली असतात. एक्स८६ चा टाइमस्टँप काउंटर घ्या. डीबगरसाठी थांबलात, रजिस्टरं वाचली, परत लिहिली, की गेस्टचं घड्याळ तेवढं मागे गेलं. म्हणून तो काउंटर चालू पातळीवर लिहितच नाहीत. एआरएमवर टायमरचा काउंटर फक्त पूर्ण पातळीवर लिहिला जातो. नवं रजिस्टर जोडणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला हे विचारावं: हे शिळं होतं का?

एक्स८६ च्या पलीकडे

एआरएम आणि रिस्क-व्ही वर गठ्ठ्यांची पद्धत नाही. प्रत्येक रजिस्टरला ६४ बिटांचा एक ओळख क्रमांक असतो आणि 'गेट वन रेग', 'सेट वन रेग' या कॉलने ते एकेक हाताळतात. कोणती रजिस्टरं आहेत ती यादीही कर्नलकडूनच मिळते, त्यामुळे इम्युलेटरला अनोळखी असलेलं रजिस्टरही दुसऱ्या होस्टपर्यंत नेता येतं. कॉल जास्त, पण उद्या नवं रजिस्टर आलं म्हणून रचनेचा आकार बदलावा लागत नाही. एस३९० वर क्यूएमू सामायिक पान पुरेपूर वापरतो. कोणता गठ्ठा वाटता येतो ते विचारायचं, येत असेल तर पानावरून, नाहीतर जुन्या कॉलने, अशा जोड्या तिथे जागोजाग दिसतील. माझं मत विचाराल तर हाच भाग नवख्याने आधी वाचावा, एक्स८६ चा नंतर.

आणि काही गेस्ट असे असतात जिथे यातलं काहीच लागू पडत नाही. एएमडीच्या एसईव्ही-ईएस पद्धतीत गेस्टची रजिस्टरं बाहेर पडताना हार्डवेअरच एन्क्रिप्ट करतं. सुरुवातीची स्थिती एकदा एन्क्रिप्ट झाली की केव्हीएमला ती दिसत नाही आणि इम्युलेटरलाही नाही. सामायिक पान भरलं जात नाही, डीबगरमध्ये दिसणाऱ्या आकड्यांना अर्थ उरत नाही. पोर्टवरचं साधं लिहिणंसुद्धा गेस्टमधल्या कोडला स्वतः हाताळावं लागतं: त्या कामापुरती लागणारी मूल्यं तो जीएचसीबी नावाच्या अनएन्क्रिप्टेड पानावर मांडतो आणि मग हायपरव्हायजरला हाक मारतो. तुमच्या चार बाइट्सच्या प्रोग्राममध्ये तसा हाताळणारा कोड नाही, त्यामुळे तो तिथे पहिल्याच सूचनेला अडकेल.